मोडलेल्या पायाचे चित्रही साक्षीत यायला हवे

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात किंवा बेलापूरला मोटार अपघात दाव्याची एखादी फाईल उघडली, तर जखमी माणसाच्या शरीराबद्दल तीत बहुधा तीनच गोष्टी सापडतात: डिस्चार्ज कार्ड, बिलांचा गठ्ठा आणि ‘४० टक्के कायमचे अपंगत्व’ असे एका ओळीत सांगणारे प्रमाणपत्र. एक्स-रेच्या फिल्म असतात, पण पाकिटात. डॉक्टरांच्या साक्षीच्या दिवशी त्या बाहेर निघतात. फिल्ममागून उजेड देणारा व्ह्यू बॉक्स नसला की फिल्म खिडकीकडे किंवा ट्यूबलाइटकडे धरायची, डॉक्टरांनी पिंजऱ्यातून बोट ठेवून ‘इथे तुटलंय, इथे वाकडं जुळलंय’ असे दाखवायचे आणि न्यायाधीशांनी वाकून पाहायचे. साक्षीच्या कागदावर मात्र उतरते ते एवढेच: ‘साक्षीदाराने फिल्म पाहून उजव्या पायाच्या अस्थिभंगाबाबत सांगितले.’ डॉक्टरांचे बोट कुठे होते ते कागदावर येत नाही. दोन-तीन वर्षांनी न्यायाधीश बदलले किंवा प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात गेले की तिथल्या वाचणाऱ्याच्या हाती फक्त ते वाक्य उरते.

याला एक साधा उपाय आहे आणि आपल्याकडे तो फारच कमी वापरला जातो. जखमी व्यक्तीच्या स्वतःच्या फिल्मवरून काढलेले, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तपासून सही केलेले वैद्यकीय चित्र डॉक्टरांच्या साक्षीतून पुराव्यात आणायचे. ते कसे तयार करावे आणि कुठे फसते, हे सविस्तर लिहीत आहोत. घोडबंदर रस्ता, ठाणे-बेलापूर रस्ता आणि सायन-पनवेल महामार्ग यांवर जखमी होणाऱ्यांत दुचाकीस्वार आणि पादचारी मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या नडगीच्या, गुडघ्याच्या, खुब्याच्या दुखापती शब्दांत सांगायला सगळ्यात अवघड असतात.

चित्र पुरावा होऊ शकते का, ही शंका पहिली येते. कायद्यात ‘दस्तऐवज’ची व्याख्या जुनी आणि बरीच उदार आहे. १८७२च्या पुरावा कायद्यात नकाशा, आराखडा, इतकेच काय व्यंगचित्रसुद्धा दस्तऐवजाचे उदाहरण म्हणून दिलेले होते. त्याच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती उदाहरणे आहेत. तज्ज्ञाचे मत पूर्वी कलम ४५खाली येत होते, आता ते कलम ३९खाली येते, आणि त्या मताची कारणेही संबद्ध पुरावा मानली जातात. चित्राची जागा नेमकी इथे आहे. ते डॉक्टरांच्या मताचे कारण डोळ्यांसमोर ठेवते, स्वतः मत देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९नुसार मोटार अपघात दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाची चौकशी संक्षिप्त पद्धतीची असते, त्यामुळे दिवाणी दाव्यातला तांत्रिक काटेकोरपणा इथे थोडा सैल होतो. तरीही चित्र बिनसाक्षीचे, नुसते यादीसोबत दाखल केले, तर त्याला ‘आर्टिकल’चा, म्हणजे अजून सिद्ध न झालेल्या वस्तूचा, शिक्का मिळतो आणि ते तसेच पडून राहते. निशाणी क्रमांक, म्हणजे सिद्ध झालेल्या पुराव्याचा क्रमांक, मिळाला नाही तर निकालात त्याचा उल्लेखही येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात, जो २०११च्या अहवालांत छापला आहे, दोन गोष्टी स्पष्ट केल्या. नुसते प्रमाणपत्र दाखल करून अपंगत्व सिद्ध होत नाही, डॉक्टर उलटतपासासाठी हजर हवेत. आणि अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाई बुडाल्याची टक्केवारी नव्हे. निकालातच उदाहरण आहे: डावा हात गेलेल्याचे अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास धरले, तरी तो चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेलेली असू शकते.

आता वाशीच्या बाजार समितीत पोती उचलणारा ३४ वर्षांचा माथाडी कामगार समजा. महिना वीस हजार कमाई. या वयाला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले की अठ्ठावीस हजार, वर्षाला ३ लाख ३६ हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाचा गुणांक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा, १६ आहे, म्हणजे आकडा ५३ लाख ७६ हजारांवर जातो. कमाईचे नुकसान १० टक्के धरले तर हाती ५ लाख ३७ हजार ६०० येतात. ६० टक्के धरले तर ३२ लाख २५ हजार ६००. प्रमाणपत्रावर दोन्ही वेळा ‘उजवा गुडघा, हालचाल मर्यादित’ हेच असू शकते. त्या चार शब्दांचा अर्थ काय, हे न्यायाधिकरणाला दिसले की नाही, यावर सव्वीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार रुपये टांगलेले असतात.

म्हणून गुडघ्याच्या दुखापतीत आम्ही सगळ्यात जास्त भर हाडाच्या चित्रावर देत नाही. हालचालीच्या कमानीवर देतो. निरोगी गुडघा साधारण १३५ अंश वाकतो. सपाटीवर चालायला ६० ते ७० अंश पुरतात, जिना चढायला ८० ते १०० लागतात, उकिडवे बसायला ११०च्या वर. डॉक्टरांनी सांध्याचा कोन मोजणाऱ्या गोनिओमीटरने मोजून ‘० ते ७० अंश’ लिहिले असेल, तर एका बाजूने काढलेल्या पायावर ७०पर्यंतची कमान रेघांनी भरायची, उरलेली १३५पर्यंत मोकळी ठेवायची आणि तिच्यावर वरील तीन कामांच्या खुणा करायच्या. हा माणूस न्यायालयात चालत येतो, म्हणून उलटतपासात ‘तुम्ही आज चालत आलात ना?’ असे विचारले जाते. कमानीचे चित्र समोर असले की चालता येणे आणि जमिनीवरून पोते उचलता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाद न घालता दिसते. बसलेल्या माणसाच्या पायावर मोजले की उताण्या झोपवून, हे मात्र प्रमाणपत्रात आणि चित्रावर दोन्हीकडे लिहिलेले हवे.

हाडाच्या चित्राची सुरुवात कागद जमवण्यापासून होते, आणि इथेच निम्मी प्रकरणे अडतात. लागणारे कागद असे: अपघाताच्या दिवसाचे एक्स-रे, शस्त्रक्रियेनंतरचे लगेचचे, मधल्या तपासण्यांचे आणि अलीकडचे, प्रत्येक वेळी समोरून व बाजूने असे दोन्ही, शस्त्रक्रियेची टिपणे, हाडात बसवलेल्या रॉडचा किंवा प्लेटचा स्टिकर, डिस्चार्ज कार्ड, मोजमापांसह अपंगत्वाचे प्रमाणपत्र. शक्य असेल तर दुसऱ्या, धडधाकट पायाचा एक एक्स-रे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२चे विनियम सांगतात की दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायचे आणि मागणी केल्यावर ७२ तासांत द्यायचे. डॉक्टरांची साक्ष लागेपर्यंत तीन वर्षे सहज उलटतात. म्हणून लेखी मागणी पहिल्या काही महिन्यांतच करावी, पोचपावती ठेवावी आणि स्कॅनची सीडी आवर्जून घ्यावी. मोबाइलवर आलेल्या एक्स-रेच्या फोटोवरून चित्र काढू नये. फोटो दाबला जातो, कडेची रुग्णाच्या नावाची आणि तारखेची ओळ कापली जाते, फिल्म तिरकी धरलेली असली की कोनही बदलतो.

१ एप्रिल २०२२पासून दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली. उघड्या जखमेसह मोडलेली नडगी जुळायला सहा-नऊ महिनेही लागतात. म्हणजे दावा दाखल होतो तेव्हा शेवटचे चित्र काढण्याजोगी स्थितीच आलेली नसते. तेव्हा कागद आधी जमवायचे आणि चित्र डॉक्टरांनी ‘आता यापुढे सुधारणा नाही’ असे लिहिल्यावरच काढायचे. घाईने काढलेले चित्र पुढच्या एक्स-रेशी जुळत नाही आणि विमा कंपनीच्या वकिलांना तेवढे पुरते.

काढायला बसल्यावर पहिले काम बाजू तपासण्याचे. फिल्मवर उजव्या-डाव्याची शिशाची खूण असते. फिल्म उलटी धरून स्कॅन केली की उजवा पाय डावा होतो. खूण चुकीची लागल्याचीही प्रकरणे होतात, म्हणून ती डिस्चार्ज कार्डाशी आणि प्रत्यक्ष व्रणाशी ताडावी. मग मोजमाप. एक्स-रे ही सावली आहे, आणि हाड फिल्मपासून जितके दूर, तितकी सावली फुगते. रॉडच्या स्टिकरवर जाडी १० मिलिमीटर लिहिलेली असते. तोच रॉड फिल्मवर ११.५ मिलिमीटर भरला, तर सावली १५ टक्क्यांनी मोठी आहे. म्हणजे तुकड्यांमधले जे अंतर फिल्मवर २३ मिलिमीटर दिसते ते खरे २० आहे. हा हिशेब चित्राच्या खालच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. काही केंद्रांत फिल्म छापताना ती कागदाच्या मापात बसवायला आक्रसली जाते, त्यामुळे फिल्मवर छापलेल्या पट्टीवर डोळे झाकून विसंबू नये. पाय आखूड झाला असेल तर चित्रातला आखूडपणा एक्स-रेवरून काढू नये. डॉक्टरांनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेपने घेतलेल्या मापावरून काढावा. दोन ठिकाणी दोन आकडे आले की साक्ष ढासळते.

वाकडेपणा दाखवताना दोन्ही बाजूंची चित्रे लागतात. समोरून ५ अंश आणि बाजूने १५ अंश वाकलेले हाड समोरून जवळजवळ सरळ दिसते. अर्जदाराच्या बाजूने फक्त बाजूचे आणि विमा कंपनीच्या बाजूने फक्त समोरचे चित्र पुढे करणे, दोन्ही तितकेच चुकीचे.

एका आडव्या ए-३ कागदावर चार चौकटी पुरतात: धडधाकट पाय, अपघाताचा दिवस, शस्त्रक्रियेनंतर, आणि आज. प्रत्येक चौकटीखाली कोणत्या तारखेच्या कोणत्या फिल्मवरून ती काढली हे लिहायचे. नावे मराठी आणि वैद्यकीय दोन्ही द्यावीत: नडगी किंवा टिबिया, घोटा, वाटी. रंगाबद्दल सांगण्यासारखे बरेच आहे. फायलीची छायाप्रत निघते तेव्हा लाल, निळा, हिरवा सगळे एकाच राखाडी रंगाचे होतात. म्हणून अर्थ रंगावर सोपवू नये. हाडाला रेघ, रॉडला तिरप्या रेघा, मेलेल्या हाडाला ठिपके, अशा खुणा छायाप्रतीतही टिकतात. रक्ताचा लाल रंग तर नकोच. तो दुखापतीबद्दल काही सांगत नाही, आणि समोरचा पक्ष ‘भावना भडकवण्यासाठी’ असा आक्षेप घेतो. तो आक्षेप रास्त असतो. कागद लॅमिनेट करू नये, त्यावर निशाणीचा शिक्का आणि डॉक्टरांची सही उमटत नाही. फाईल डावीकडे शिवली जाते, म्हणून तिथे चार-पाच सेंटिमीटर कोरे सोडावे. घडी पडणार असेल तर ती दोन चौकटींच्या मधल्या जागेत पडावी, अस्थिभंगावर नव्हे.

आता जे नेहमी फसते ते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेले शरीररचनेचे चित्र जोडून त्यावर बाण काढणे. ते हाड दुसऱ्याचे असते, किंवा कुणाचेच नसते. डॉक्टरांना ‘हे तुमच्या रुग्णाचे आहे का?’ असा एकच प्रश्न विचारला की ते चित्र बाद होते, आणि त्याच्यासोबत खऱ्या फिल्मवरचा विश्वासही उणावतो. दुसरी चूक फिल्मवर नसलेले काढणे. पाय लुळा पडला आहे म्हणून नस, म्हणजे मज्जातंतू, तुटलेली दाखवली आणि नसेच्या तपासणीत ती फक्त दबलेली निघाली, तर चित्र खोटे ठरते. नस चित्रात दाखवायची तर शस्त्रक्रियेच्या टिपणाचा किंवा नसतपासणीच्या अहवालाचा आधार हवा. तिसरी चूक डोक्याच्या दुखापतीत होते. सीटी स्कॅनमध्ये मेंदूचे ठरावीक अंतराने घेतलेले अनेक काप असतात, त्यांतला ज्या कापात रक्ताची गाठ सर्वांत मोठी दिसते तो एकच निवडून काढला जातो. काढायला हरकत नाही, पण कितवा काप, कोणत्या दिवसाचा, आणि आठवड्याने गाठ किती उरली, हे शेजारी हवे. मणक्यांच्या प्रकरणात तर आणखी जपावे लागते. एमआरआयमध्ये अपघाताआधीची झीज, हाडांच्या कडांना फुटलेले काटे दिसतात. ते वगळून एकच चकती फुगलेली दाखवली तर विमा कंपनीचे डॉक्टर वगळलेलेच मोठे करून दाखवतात. झीज काढावी, आणि अपघाताने त्यावर काय भर पडली ते डॉक्टरांच्या तोंडून यावे. ते सांगता येत नसेल तर चित्र काढू नये.

वेदना, विसराळूपणा, फिट येणे, स्वभाव बदलणे यांचे चित्र होत नाही. त्यासाठी डोके धरून बसलेला माणूस काढणे हा पुरावा नव्हे. तिथे मानसशास्त्रीय चाचण्या आणि घरच्यांची साक्ष लागते.

साक्षीचा क्रम उलटा झाला तर सारे कष्ट वाया जातात. आधी फिल्मना निशाणी क्रमांक, मग चित्राला. सरतपासाच्या, म्हणजे स्वतःच्या बाजूने होणाऱ्या तपासाच्या, प्रतिज्ञापत्रात डॉक्टरांनी म्हणावे की या रुग्णावर मी उपचार केले, या फिल्म त्याच्याच आहेत, हे चित्र या फिल्मवरून काढले आहे, मी ते फिल्मशी पडताळले आहे, त्यात फिल्मवर नसलेले काही नाही आणि माझी साक्ष समजायला त्याची मदत होईल. चित्राच्या प्रत्येक पानावर डॉक्टरांची तारखेसह सही असावी. चित्रकाराचेही एक छोटे प्रतिज्ञापत्र असावे: कोणते कागद मिळाले, मोजमाप कसे घेतले, कुणी काय दुरुस्त करायला सांगितले. कच्ची रेखाटने जपून ठेवावीत. ‘पहिल्या चित्रात तुकडे तीन होते, आता चार कसे?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून डॉक्टरांनी दुरुस्तीची खूण केलेला कच्चा कागदच दाखवता येतो. चित्र संगणकावर काढून छापले असेल तर ते इलेक्ट्रॉनिक नोंदीचे छापील रूप ठरते आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र लागते. त्याचा ‘अ’ भाग पक्षकाराचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे फाईलमधल्या माहितीवरून संगणकाने काढलेला तिच्या ओळखीचा आकडा. हॅश काढल्यानंतर फाईल पुन्हा उघडून साठवली तर ते मूल्य बदलू शकते. म्हणून अंतिम फाईल एकदाच कुलूपबंद करून तिचीच प्रत द्यावी. हाताने कागदावर काढलेल्या मूळ चित्राला हे काही लागत नाही, आणि म्हणूनच साध्या प्रकरणात आम्ही पेन-शाईचे चित्र सुचवतो.

प्रत समोरच्या पक्षाला साक्षीच्या तारखेआधी द्यावी. अचानक पुढे केलेल्या चित्राने तारीख पडते, बाकी काही साधत नाही. अनेकदा आधी दिलेल्या चित्रावर विमा कंपनीचे डॉक्टर एखादी दुरुस्ती सुचवतात आणि मग ते चित्र वादाबाहेर जाते. असे व्हावे, हेच उत्तम.

अमेरिकेत वैद्यकीय चित्रकलेचे पहिले विद्यापीठीय शिक्षण १९११मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथे मॅक्स ब्रोडेल यांच्या हाताखाली सुरू झाले आणि तिथल्या न्यायालयांत अशी चित्रे नित्याची झाली आहेत. तरी तिथेही १ डिसेंबर २०२४पासून संघीय पुरावा नियमांत १०७ क्रमांकाचा नियम घालून, समजावून देणारे साधन आणि पुरावा यांत भेद करावा लागला; असे साधन सहसा ज्युरीच्या खोलीत नेता येत नाही. आपल्याकडे ज्युरी नाही, निकाल न्यायाधीश कारणांसह लिहितात. त्यामुळे चित्राने भुलण्याचा धोका इथे कमी आहे. पण चित्र कशावरून आले हे नोंदवण्याची तिथली शिस्त आपण पहिल्या दिवसापासून घ्यायला हवी.

लोकअदालतीबद्दल दोन शब्द. तिथे डॉक्टर नसतात, उलटतपास नसतो, एका प्रकरणाला मोजकी मिनिटे मिळतात. दोन्ही बाजू प्रमाणपत्रावरच्या आकड्यावर घासाघीस करतात. डॉक्टरांची सही असलेले एक पान टेबलावर असले, तर निदान कशाबद्दल बोलणे चालले आहे हे पॅनेलला, विमा अधिकाऱ्याला आणि त्या जखमी माणसालाही कळते. स्वतःच्या पायात नेमके काय झाले आहे हे अनेकांना वर्षानुवर्षे कुणी दाखवलेलेच नसते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९च्या तिसऱ्या पोटकलमात न्यायाधिकरणाला चौकशीच्या मदतीसाठी विशेष ज्ञान असलेल्या व्यक्ती निवडण्याचा अधिकार आहे. ठाणे आणि बेलापूरच्या न्यायाधिकरणांनी हा अधिकार वापरून अस्थिरोगतज्ज्ञ आणि वैद्यकीय चित्रकार यांची एक छोटी यादी तयार ठेवावी. वकील परवडत नसलेल्या जखमींसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने चित्राचा खर्च साक्षीच्या खर्चात धरावा. आणि साक्षीच्या दालनात एक व्ह्यू बॉक्स आणि सीडी उघडणारा एक संगणक बसवावा. फिल्म आणि तिच्यावरून काढलेले चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहता आले, तरच चित्र खरे की खोटे हे उलटतपासात ठरवता येईल.

आपले,
एक वैद्यकीय चित्रकार आणि मोटार अपघात दावे चालवणारे एक वकील,
ठाणे